दुःखावरची पुस्तकं वाचायला घेतोयस तर...

अरे, आधी लेखकाचं चरित्र वाचू नकोस, पुस्तक वाच. मी उलटं करायचो आणि मग प्रत्येक पानात त्याचंच आयुष्य शोधत बसायचो, पुस्तक राहिलं बाजूला. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीचंच बघ, 1849 मधे त्याला गोळ्या घालायला उभं केलं आणि ऐन वेळी शिक्षा बदलून सायबेरियात चार वर्षं सक्तमजुरीला पाठवलं, हे कळल्यावर वाटतं सगळं समजलं, पण तसं नसतं ना, तुरुंगात तर हजारो लोक गेले, तसं लिहिलं कितींनी?

दुसऱ्या वाचनात मात्र चरित्र घे. इटालियन लेखक प्रीमो लेव्ही रसायनशास्त्रज्ञ होता, ऑशविट्झ या नाझी छळछावणीतून वाचला, आणि त्यावरच्या त्याच्या 1947 च्या पुस्तकात आरडाओरडा जवळपास नाहीच, शांतपणे भूक, थंडी, बूट यांबद्दल सांगतो. बूट! तिथे खरा थांब, लेखक कशाबद्दल बोलत नाहीये तेही वहीत लिही.

नुसतं 'थीम: वेदना' लिहून उपयोग नाही, कोणाची, कोणामुळे, आणि सांगतंय कोण ते लिही. आणि हो, अशी दोन पुस्तकं लागोपाठ नको घेऊस, मधे काहीतरी हलकं वाच, मी तीन सलग वाचली आणि नंतर महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही.