गोधड्यांची पार्सलं आणि तिप्पट पॉइंटांचं कार्ड

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची कंपनी त्याला एल-१ व्हिसावर न्यू जर्सीला पाठवते आहे, तू एल-२ वर येणार आणि इथे हातशिलाईच्या गोधड्या, दुपटी ऑनलाइन विकणार. अमेरिकेत पार्सल महाग पडतं असं तू ऐकलंस, आणि त्या खर्चावर तिप्पट-चौपट बक्षीस-पॉइंट देणारी बिझनेस क्रेडिट कार्डं असतात असंही वाचलंस. तर आल्याआल्या त्यातलं कोणतं घ्यावं?

आल्याआल्या एकही नाही. ताई म्हणून विचारलंस, तर स्पष्टच सांगते. मी नऊ वर्षं न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये बसून तांब्यापितळेची पूजेची भांडी विकते आहे आणि यातल्या बहुतेक चुका मी पदरचे पैसे घालून केल्या आहेत.

पहिली गोष्ट व्हिसाची, कारण तिथे तुझं नशीब चांगलं आहे. एल-२ वर आलेल्या जोडीदाराला आता व्हिसामुळेच कामाची परवानगी असते. विमानतळावर उतरल्यावर तुझी आय-९४, म्हणजे देशात प्रवेशाची नोंद डाउनलोड कर आणि तिच्यावर ‘एल-२एस’ लिहिलंय ना ते बघ. तेवढ्यावर सोशल सिक्युरिटी नंबर मागता येतो आणि स्वतःचा धंदाही करता येतो. एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावाल्यांच्या जोडीदार म्हणून येणाऱ्या बायकांना इतकं सोपं नाही. त्यांना वेगळं परवानापत्र लागतं, आणि तेही साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेल्यावरच मिळतं. मी एच-४ वरच आले होते, म्हणून माझी सुरुवातीची वर्षं नुसती इतरांची पार्सलं बघण्यात गेली.

आता कार्ड. इथे तुझा आर्थिक जन्म नव्याने होतो. पुण्यातला तुझा सिबिल स्कोअर कितीही चांगला असला तरी इथल्या बहुतेक बँकांच्या लेखी तू कोरी पाटी. इथला सिबिल म्हणजे फायको स्कोअर. तो ३०० ते ८५० मध्ये मोजतात आणि तो तयार व्हायलाच निदान सहा महिन्यांचा व्यवहार लागतो. बिझनेस कार्ड नावाला धंद्याचं असलं तरी छोट्या धंद्यात बँक बघते ती तुझा स्वतःचा स्कोअर, आणि पैसे थकले तर जबाबदार तूच. मी धंद्याच्या सातव्या महिन्यात एका बँकेकडे हौसेने अर्ज केला. नकार आलाच, वर त्या चौकशीची नोंद माझ्या कोवळ्या इतिहासावर डाग म्हणून राहिली.

म्हणून पहिलं वर्ष साधं वैयक्तिक कार्ड. अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड भारतात तुझ्या नावावर असेल तर ते बंद करून येऊ नकोस. त्या ओळखीवर इथलं कार्ड मागता येतं. नसेल तरी इथल्या अर्जात भारतातला कर्जइतिहास दाखवायची सोय ते देतात, नोव्हा क्रेडिट नावाच्या कंपनीमार्फत. तेही जमलं नाही तर दोनेकशे डॉलर अनामत ठेवून मिळणारं ‘सिक्युअर्ड’ कार्ड घे. त्यावर दूध-भाजी घ्यायची, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहायचं आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

या वर्षात पॉइंट नसले तरी तुझे खरे पैसे वाचतील ते खोक्याच्या मापात, आणि गोधडीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. माझी भांडी जड पण लहान. तुझी गोधडी हलकी पण ऐसपैस. इथे पार्सलचं भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणून पोस्ट १६६ ने भागतं, यूपीएस आणि फेडेक्स त्यांच्या नेहमीच्या दरांत १३९ ने. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर तोच पौंडांत धरतात. समज, चार पौंडांची गोधडी तू २० बाय १६ बाय ८ च्या खोक्यात सैल घडी करून घातलीस. गुणाकार २,५६०. पोस्ट तिला १६ पौंडांची समजणार, यूपीएस १९ पौंडांची. तीच गोधडी हवा काढायच्या पिशवीत दाबून १६ बाय १२ बाय ६ मध्ये बसवलीस की गुणाकार १,१५२. पोस्टाचा हा नियम एका घनफुटाच्या, म्हणजे १,७२८ घनइंचांच्या वरच लागतो. त्यामुळे भाडं फक्त खऱ्या वजनाचं, खोक्यासकट पाचेक पौंडांचं. सोळाचे पाच! कुठलंही कार्ड तुला एवढं देणार नाही.

दुसरं, पोस्टाच्या खिडकीवर जाऊन कधी पैसे भरू नकोस. पायरेट शिपसारखी फुकट सेवा वापरून घरीच लेबल छापलंस की व्यावसायिक दर मिळतो आणि तो खिडकीवरच्या दरापेक्षा बराच कमी असतो. ‘ग्राउंड ॲडव्हांटेज’ नावाची पोस्टाची सेवा २०२३ च्या जुलैपासून आहे. ७० पौंडांपर्यंतची पार्सलं जातात, १०० डॉलरचा विमा त्यातच येतो. तुझा बहुतेक माल त्यातूनच जाईल.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. पार्सलच्या खर्चावर जास्त देणारं, लहान धंद्याला परवडेल असं कार्ड म्हणजे चेस बँकेचं इंक बिझनेस प्रेफर्ड. वर्षाची फी ९५ डॉलर. पार्सल, प्रवास, फोन-इंटरनेट आणि गूगल-फेसबुकवरच्या जाहिराती या सगळ्यांवर मिळून वर्षाला पहिल्या दीड लाख डॉलर खर्चापर्यंत डॉलरमागे तीन पॉइंट. बाकी खर्चावर एक. परदेशी चलनातल्या व्यवहारावर जादा आकार नाही, तेव्हा भारतातल्या शिलाईवाल्या बायकांकडून माल मागवताना कुरिअरचे पैसे रुपयांत भरायचे झाले तरी हे चालतं. त्याच बँकेच्या बिनफीच्या इंक कॅश कार्डावर असा आकार ३ टक्के आहे, तो सगळं कमावलेलं खाऊन टाकतो.

तू जी यादी वाचलीस त्यात अमेरिकन एक्सप्रेसचं बिझनेस गोल्ड चौपट पॉइंटांसाठी पहिल्या नंबरावर होतं. ती यादी जुनी आहे. २०२४ पासून त्या कार्डाची फी ३७५ डॉलर झाली आणि चौपटच्या गटांतून पार्सल वगळलं गेलं. आता तिथे जाहिराती, रेस्टॉरंट, पेट्रोल, मोबाइल बिल असले गट आहेत. गोधडीवालीला त्याचा काय उपयोग?

आता गणित मांडू, कारण ‘तिप्पट’ हा शब्द फार फसवा आहे. चेसचा एक पॉइंट रोख घेतला तर एक सेंट, म्हणजे तिप्पट पॉइंट हे ३ टक्के. समोर ठेव अमेरिकन एक्सप्रेसचं ब्लू बिझनेस कॅश: फी शून्य, वर्षाला पहिल्या ५० हजार डॉलरपर्यंत सगळ्याच खर्चावर २ टक्के. फरक उरला एका टक्क्याचा. त्या एका टक्क्यातून ९५ डॉलरची फी भरून काढायला वर्षाला ९,५०० डॉलर, म्हणजे महिन्याला जवळजवळ ८०० डॉलरचा पार्सलखर्च पाहिजे. त्याच्या खाली तू तिप्पटवाल्या कार्डात तोट्यात आहेस. पार्सलमागे सरासरी १२ डॉलर धरलेस तर महिन्याला ६५-६६ गोधड्या विकल्या पाहिजेत. तुझ्या पत्रात तू महिन्याला पंधराचा अंदाज दिला आहेस.

वर्षाला एकदा दोघं आईवडिलांना भेटायला जाणार असाल तर हिशेब थोडा हलतो. चेसचे पॉइंट युनायटेड किंवा एअर कॅनडाच्या माइल्समध्ये एकास एक बदलता येतात आणि एअर इंडिया त्यांच्याच स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या गटात असल्याने त्यांतून मुंबईचं तिकीट काढता येतं. नेमकं साधलं तर पॉइंटाचं मोल सेंटाहून जास्त पडतं. पण सुट्टीच्या दिवसांत अशा जागा मिळत नाहीत आणि मुलांच्या शाळा तर सुट्टीतच सुटतात! मी आजवर एकदाच साधलंय, तेही फेब्रुवारीत.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे मी एवढं लांबण लावलं. ते तिप्पटवालं कार्ड मी घेतलं तेव्हा माझा खर्च खरोखरच ८०० च्या वर होता. वर्षाअखेर पॉइंट बघते तर मूठभर. झालं होतं असं की मी माल विकत होते एका ऑनलाइन बाजारपेठेवर आणि लेबलंही तिथूनच काढत होते. लेबलाचे पैसे ते माझ्या विक्रीच्या रकमेतूनच वळते करून घेत. कार्डाला कोणी हातच लावत नव्हतं, तर पॉइंट कुठून येणार? फी मात्र वेळेवर कापली गेली. दोष बँकेचाही नाही आणि बाजारपेठेचाही नाही. मीच कधी पैशाचा माग काढला नव्हता.

कार्डावर पैसे जात असले तरी पैसे घेणारा कोण यावर सगळं ठरतं. प्रत्येक दुकानदाराला कार्ड-यंत्रणेत चार आकडी कोड असतो. सरकारी टपालसेवेचा ९४०२, कुरिअरचा ४२१५. तू दुकान चालवायचं सॉफ्टवेअर घेतलंस आणि लेबलाचे पैसे त्याच्या मासिक बिलात आले, तर बँकेला पार्सल दिसत नाही, सॉफ्टवेअर दिसतं. मधे आणखी कुठलं पेमेंट ॲप घातलंस तरी गडबड होऊ शकते. म्हणून कोणतीही नवी सेवा घेतलीस की आधी एकच लेबल काढायचं, स्टेटमेंट येऊ द्यायचं, त्यावर किती पॉइंट पडले ते बघायचं आणि मगच सगळी पार्सलं तिकडे वळवायची. भारतातून माल आणताना लागणारं सीमाशुल्क पार्सलखर्चात धरूच नकोस. आणि हो, ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी शुल्कमाफी २०२५ च्या २९ ऑगस्टपासून थांबली आहे, तेव्हा गोधडीची किंमत ठरवताना शुल्क आधी मिळव.

व्याजाचं एका ओळीत: २४ टक्के दराने हजार डॉलर थकले तर महिन्याला २० डॉलर व्याज, आणि त्या हजारावर पॉइंट मिळाले होते ३० डॉलरचे. दीड महिन्यात संपले.

बिझनेस कार्डाची वेळ येईल तेव्हा कंपनी काढायची गरज नाही. एकल मालकीचा धंदा तुझ्याच नावावर चालतो आणि अर्जात तुझंच नाव धंद्याचं नाव म्हणून लिहिता येतं. करखात्याचा ईआयएन, म्हणजे धंद्याचा ओळख नंबर हवा असेल तर तो आयआरएसच्या, म्हणजे त्याच खात्याच्या साइटवर फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या साइटा बऱ्याच आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. एक खबरदारी मात्र घे. गेल्या २४ महिन्यांत पाच किंवा जास्त नवी वैयक्तिक कार्डं काढली असतील तर चेस सहसा नकार देते. तेव्हा दर दुकानात ‘आज कार्ड घेतलंत तर १५ टक्के सूट’ म्हणतात, तिथे हसून पुढे जायचं.

शेवटी तू विचारलंस की पगार नवऱ्याचा आहे, तर धंद्याचं कार्ड त्याच्याच नावावर घेऊ का. नको. एल-१ वर त्याला फक्त त्याच्या कंपनीचंच काम करता येतं, तुझ्या धंद्याचा मालक म्हणून तो राबू शकत नाही. धंदा तुझा, तर कार्डही तुझ्याच नावावर. पहिल्या वर्षाचं ते कंटाळवाणं साधं कार्डसुद्धा.