इन्सुलिन पंपाची सवय

प्रश्न : माझ्या ८ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह असून नुकताच इन्सुलिन पंप लावला आहे. सेट (पंपातून शरीरात इन्सुलिन नेणारी नळी आणि त्वचेत बसवायचा तिचा भाग) बदलताना ती फार रडते. काय करावे?

उत्तर : तिची भीती खरी आहे, ‘काही होत नाही’ असे म्हणू नका. सेट दर २ ते ३ दिवसांनी बदलताना पोट की मांडी हे तिला ठरवू द्या, मात्र जागा आधीच्या जागेपासून दूर असावी, कारण एकाच ठिकाणी वारंवार टोचल्यास गाठी येऊन इन्सुलिन नीट शोषले जात नाही. बधिर करणाऱ्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. पंपात केवळ जलद परिणाम करणारे आणि लवकर ओसरणारे इन्सुलिन असल्याने नळी दुमडली तर काही तासांतच कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यास रक्तात साठणारी घातक आम्ले) वाढू शकतात. म्हणून साखर अकारण चढल्यास कीटोन तपासून डॉक्टरांनी ठरवलेला डोस इन्सुलिन पेनने (पेनसारख्या इंजेक्शनने) द्या आणि सेट बदला. दप्तरातही हे पेन हवेच.