नॅसकारमध्ये (अमेरिकेतली मोटार-शर्यतींची मालिका) स्वतःची टीम चालवून कोणी ड्रायव्हर चॅम्पियन झालाय का?

हो. 2011 मध्ये टोनी स्टुअर्ट झाला, पण त्याच्या टीममागे पैसा भरपूर होता. खरी कमाल ॲलन कुलविकीची, 1992 ची. उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्याचा मेकॅनिकल इंजिनिअर, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या या खेळात तसा उपराच. ज्युनिअर जॉन्सनसारख्या बड्या मालकाने गाडी देऊ केली, तरी पठ्ठ्याने नकार दिला.

हंगामातली शेवटची शर्यत अटलांटाला होती. बिल इलियट जिंकला, कुलविकी दुसरा; पण सर्वाधिक लॅप आघाडीवर राहणाऱ्याला 5 बोनस गुण मिळायचे. कुलविकी 103 लॅप आघाडीवर, इलियट 102! हंगामाचं विजेतेपद अवघ्या 10 गुणांनी कुलविकीकडे. ते 5 गुण इलियटला गेले असते, तर बरोबरी होऊन जास्त शर्यती जिंकलेला इलियटच चॅम्पियन ठरला असता. म्हणजे हे लॅपचा हिशोब ठेवून, डोक्याने जिंकलेलं विजेतेपद, नुसत्या वेगाने नव्हे. त्या दिवशी फोर्ड थंडरबर्डच्या (Thunderbird) नाकावरच्या नावातली पहिली दोन अक्षरं (Th) काढून त्याने गाडीचं नाव ‘अंडरबर्ड’ केलं होतं, तेही झकासच.

कारकिर्दीत एकूण विजय फक्त पाच. 1 एप्रिल 1993 ला ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना विमान अपघातात तो गेला, वय 38.