लिनक्सवर फायरफॉक्समध्ये प्लगइन हाताने कसं टाकायचं?

डॉट एसओ फाइल (लिनक्सवरच्या जुन्या प्लगइनची फाइल) प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये टाकली तरी फायरफॉक्स ढुंकून बघत नाही, असं विचारलंय तुम्ही. बघणारच नाही. २०१७ला, आवृत्ती ५२ पासून, फ्लॅश सोडून असली सगळी प्लगइन्स बंद झाली आणि २०२१ला फ्लॅशही गेलं. आता प्लगइनऐवजी ॲड-ऑन टाकायचं, त्याला लागते डॉट एक्सपीआय फाइल.

कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकदम दाबा. ॲड-ऑन्सचं पान उघडेल, तिथल्या दातेरी चाकावर क्लिक करून 'इन्स्टॉल ॲड-ऑन फ्रॉम फाइल' निवडा, फाइल दाखवा, झालं. टर्मिनल नको आणि सुडो, म्हणजे रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या) अधिकाराने काही चालवायची कमांड, तर अजिबात नको. सुडोने ब्राउझर उघडला की प्रोफाइलमधल्या फाइली रूटच्या नावावर चढू शकतात, मग निस्तरत बसा.

फाइल अनझिप करू नका. इथे सांगलीत, विश्रामबागला, माझा एक मित्र मिरजेहून पेनड्राइव्हवर आणलेली एक्सपीआय उघडून आतलं फोल्डर तासभर ब्राउझरला दाखवत बसला होता! ती आतून झिपच असते, पण द्यायची जशीच्या तशी.

'व्हेरिफाय झालेलं नाही' असं आलं, तर फाइलवर मोझिलाची सही नाही. नेहमीचा फायरफॉक्स ती घेत नाही. स्वतः लिहिलेलं काही तपासायचं असेल तर डेव्हलपर एडिशन, म्हणजे फायरफॉक्सची डेव्हलपरांसाठीची आवृत्ती, टाका, त्यात सहीची सक्ती बंद करता येते.