रेघ सपाट, मन खवळलेलं

प्रश्न : ताई, पूर्वी मी स्वतःला इजा करून घ्यायचे. आता वर्षभर उपचार चालू आहेत. मध्यंतरी मानसशास्त्राच्या एका प्रयोगात भाग घेतला. बोटांना वायरी लावून स्क्रीनवर चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्रानंतर किती त्रास झाला याचा आकडा विचारला. बऱ्याच चित्रांना मी नऊपैकी आठ-नऊ दिले. निघताना सहज चौकशी केली, तर तिथली मुलगी म्हणाली, "तुमचा ग्राफ तसा सपाटच आलाय." तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी नाटक करते का? घरचे तेच म्हणायचे.

उत्तर : नाही. हे आधी घ्या, कारणं मागाहून.

त्या मुलीनं जे केलं ते मीही केलेलं आहे. प्रयोगशाळेत नवी असताना एका तरुणानं असंच विचारलं आणि मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणून गेले, "विशेष काही दिसत नाही." तो बोटांवरची जेल पुसत होता. जेल निघून गेली तरी पुसतच राहिला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेऊन चांगलं झापलं. एकट्या माणसाचा आलेख त्याला वाचून दाखवायचा नसतो, कारण तो गटाच्या सरासरीत टाकण्यासाठी घेतलेला असतो. सुटा वाचला तर त्यातून काहीही अर्थ काढता येतो. तेव्हा मला ते कोरडं नियमाचं वाक्य वाटलं होतं. तुमचं पत्र वाचून तो तरुण पुन्हा आठवला.

ती रेघ काय मोजते ते सांगते. दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून त्यातून अगदी क्षीण, जाणवणारही नाही इतका वीजप्रवाह सोडतात. खळबळ झाली की घामाच्या ग्रंथी किंचित जाग्या होतात, त्वचेतून वीज जरा सहज वाहते आणि चित्र आल्यावर साधारण एक ते तीन सेकंदांत रेघ वर उचलते. मग सावकाश उतरते. झालं. खोली गार असली, हात थंड असले, तर उचलायचं नाव घेत नाही. काही औषधांनी घाम कमी येतो, त्यांनीही रेघ मंदावते. काहींची त्वचा मुळातच मख्ख असते. आणि खोकला आला की काय झकास शिखर येतं! अशी खोकल्याची, दीर्घ श्वासाची, खुर्चीत सरकल्याची शिखरं मी तासन्‌तास बसून हातानं खोडली आहेत. घाम खोकल्याचा की दुःखाचा, याची रेघ चौकशी करत नाही.

शिवाय ती खळबळ किती हे दाखवते, ती गोड की कडू हे दाखवत नाही. तुम्हाला विचारलं होतं त्रास किती झाला. एखादं चित्र बघून माणूस आतून विझून जातो. त्रास नऊ, खळबळ दोन. अशा वेळी आकडाही खरा आणि रेघही खरी.

हा घोळ तुमच्या एकटीचा नाही, या संशोधनाचा जुना दुखरा भाग आहे. मॅथ्यू नॉक आणि वेंडी मेंडेस या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये किशोरवयीन मुलामुलींना पत्ते जुळवण्याचं एक चिडवणारं काम दिलं, ज्यात 'चूक' हा शेरा पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांच्या त्वचेची रेघ इतरांपेक्षा जास्त चढली. २०११ मध्ये कॅथरीन ग्लेन, डेव्हिड क्लोन्स्की आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर दुसरं मोजमाप वापरलं. कानात अचानक मोठा आवाज सोडायचा आणि डोळ्याखालच्या स्नायूवरून माणूस किती दचकला ते टिपायचं. प्रश्नावलीत इजा करणाऱ्यांनी आपल्या भावना जास्त तीव्र असल्याचं सांगितलं. दचकण्यात मात्र दोन गटांत फरक निघाला नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ही तफावत मांडली. 'हे लोक वाढवून सांगतात' असा शेरा मारून ते मोकळे झाले असते, तसं त्यांनी केलं नाही.

माझं मत विचाराल तर, चित्रांवर माझा फार विश्वास उरलेला नाही. ज्या भावनांपायी माणूस स्वतःवर उलटतो त्या बहुतेक स्वतःविषयीच्याच असतात : लाज, स्वतःचा राग, आपण कुणाला नकोसे आहोत ही भावना. सापाच्या फोटोनं त्यांना हातही लागत नाही. 'चूक, चूक, पुन्हा चूक' यानं लागतो.

शब्दांचीही गंमत आहे. कुणाला काय वाटतंय ते मोजायला वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांची १९८८ ची भावनांची यादी जगभर वापरतात : वीस शब्द, दहा सुखाचे, दहा त्रासाचे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ती मराठीत आणायला आम्ही तिघी बसलो होतो. इंग्रजीतल्या 'स्केअर्ड' आणि 'अफ्रेड' या दोन्हींना 'घाबरलेलं'च येत होतं. 'डिस्ट्रेस्ड' आणि 'अपसेट' दोघे 'अस्वस्थ'वर येऊन आपटत होते. उलट आमच्याकडे कालवाकालव, घालमेल, धुसफूस, 'कसंसंच होतंय', आणि यादीत त्यांना जागा नाही. त्या विसांत 'उदास'सुद्धा नाही. 'सुन्न' नाही. स्वतःला इजा केलेल्यांशी बोलताना मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द कोणता असेल तर सुन्न.

म्हणून माझी भिस्त आता त्या-त्या क्षणी, त्या-त्या जागी विचारण्यावर आहे. नॉक, प्रिन्स्टीन आणि स्टर्बा यांच्या २००९ च्या अभ्यासात ३० तरुण मुलामुलींनी १४ दिवस हातातल्या छोट्या संगणकावर आपल्या नोंदी केल्या. महिन्यानंतर आठवून सांगितलेल्या उत्तरापेक्षा 'आत्ता काय वाटतंय' याचं उत्तर पुष्कळ नेमकं येतं. तुम्हीही हे करू शकता. दिवसातून दोनदा एक शब्द आणि एक आकडा लिहा. शब्द तुमचा, यादीतला नको. ती वही तुमच्या समुपदेशकांना दाखवा आणि ग्राफची ही गोष्टही सांगा. त्या दिवसानंतर जुनी ओढ पुन्हा वाटू लागली असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच सांगा.

आणि त्या प्रयोगशाळेलाही दोन ओळी कळवा. झापणारं कुणीतरी तिथेही असेल.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे. एका संशोधनासाठी संमतीपत्र आलंय. त्यात 'स्वतःला इजा करण्याविषयी प्रश्न विचारले जातील' असं वाक्य आहे. नसतं ते तिच्या डोक्यात भरवल्यासारखं नाही का होणार?

उत्तर : ही भीती सगळ्यात सामान्य, आणि तपासलेलीही. मॅडलिन गूल्ड यांच्या गटानं २००५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर हेच पाहिलं. निम्म्यांना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहणी केली. विचारल्यामुळे ना त्रास वाढला, ना तसे विचार. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं, त्यांना उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. तो अभ्यास आत्महत्येच्या प्रश्नांचा होता, इजेचा नव्हे, हे लक्षात ठेवा; तरी भीती एकाच जातीची आहे.

तेव्हा प्रश्नांना घाबरू नका, संमतीपत्र मात्र बारकाईनं वाचा. मुलीनं काही गंभीर सांगितलं तर त्याच दिवशी कोण पुढं होणार, तुम्हाला कळवणार का, आणि हे तिला आधी सांगणार का? मधेच उठून जाता येईल का? वाईट चित्रं किंवा चिडवणारं काम असेल, तर शेवटी तिचं मन ठिकाणावर आणूनच घरी पाठवतात का? या उत्तरांत गुळमुळीतपणा दिसला तर सही करू नका. आणि तिला विचारलंत का? सही तुमची असली तरी खुर्चीत ती बसणार आहे.

प्रश्न : मुलाला त्रास होतोय हे मनगटावरच्या घड्याळातून कळेल का? त्याच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायचा विचार आहे.

उत्तर : ठोके जिना चढल्यावरही वाढतात, आवडती मुलगी समोर आल्यावरही. वर वाचलंतच. त्याला न सांगता ठेवणार असाल तर मुळीच नको. कळेल त्या दिवशी घड्याळही काढेल आणि तुमच्याशी बोलणंही. रात्री त्याच्या खोलीत जाऊन नुसते बसा. घड्याळाचे पैसे समुपदेशकाच्या पहिल्या भेटीला वापरा.