मागच्या सीटवर कोण बसणार?

नागपूरच्या मानेवाड्याकडून एका ताईचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. तिला दोन लेकरं, मुलगा पाच वर्षांचा आणि मुलगी आत्ताच दोन पूर्ण झालेली. मागच्या उन्हाळ्यात हे सगळे स्वतःच्या गाडीने पचमढीला गेले. सिल्लेवानीच्या घाटात मुलाला उलट्या सुरू झाल्या, धाकटीने रडून रडून गाडी डोक्यावर घेतली, ताई मागे दोघांच्या मधात बसून एका हाताने पिशवी धरून राहिली होती आणि नवरा म्हणत होता "छिंदवाडा आलंच, तिथे थांबू". पोचल्यावर भांडण, मग दोन दिवस अबोला. आता दिवाळीत नवऱ्याला गाडीनेच गोव्याला जायचंय, सासूबाईंना सोबत घेऊन, पहाटे तीनला निघून, जमलं तर एका दमात. ताई लिहिते, "सगळे म्हणतात नवरा फिरवतो, नशीबवान आहेस. मला तर निघायच्या विचारानेच पोटात गोळा येतो. माझ्याकडे लायसन्स आहे पण गाडी यांनीच चालवायची असं ठरूनच गेलंय. स्वतःच्याच लेकरांसोबत सुट्टीवर जावंसं वाटत नाही म्हणजे मी वाईट आई आहे का? आणि यांना नाही म्हणू तर कसं म्हणू?"

बाई गं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे तो डोक्यातून जाईल. नाही. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात लेकरांची एकही तक्रार नाही, मी मुद्दाम परत शोधून पाहिली. उलटी झाल्यावर पोरगं "आई सॉरी" म्हणालं हे तू लिहिलंस आणि ते वाचून माझ्याच डोळ्यात पाणी आलं. तुला कंटाळा आलाय तो त्या मागच्या सीटचा, जिथे पाण्याची बाटली पण तूच, वाइप्स पण तूच, खाली पडलेला बिस्किटचा पुडा वाकून उचलणारी पण तूच, आणि हे सगळं बेल्ट न लावता, कारण बेल्ट लावला तर दोघांपर्यंत हात पोचत नाही. अशा प्रवासाला कोणाला जावंसं वाटेल सांग बरं.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल, कारण त्याच्यावर रागावून हा प्रश्न सुटणार नाही. पत्रावरून माणूस मनाचा चांगला वाटतो. वर्षभर ड्युटी, सुट्टी काय ती दिवाळीतच, आईला आणि पोट्ट्यांना समुद्र दाखवायचा आहे त्याला. पण समोर बसलेल्याला मागचं दिसत नाही ग. त्याला रस्ता दिसते, ट्रक दिसतात, पुढच्या गावाचं अंतर दिसते, मागून फक्त रडण्याचा आवाज येतो आणि त्याला वाटतं लवकर पोचलो की हा आवाज थांबेल, म्हणून तो आणखी जोरात चालवतो. तुला वाटतं थांबलो की थांबेल. दोघांनाही तो आवाज बंदच करायचा आहे, भांडण होतं ते उपायावरून. आणि हॉटेलवर पोचल्यावर सगळे म्हणतात "त्याला झोपू दे, एवढी गाडी चालवली", तिथे तुझी दुसरी शिफ्ट सुरू होते, दूध गरम करून मागणं, भरलेले कपडे धुणं, नव्या जागी घाबरलेल्या पोरीला झोपवणं. तूही तेवढेच तास काम केलं होतंस हे त्याला कोणी सांगितलंच नाही, तूसुद्धा भांडणातच सांगितलंस, शांतपणे नाही.

तर गोवा. नागपूरहून गोवा रस्त्याने साधारण हजार किलोमीटर पडते, तू वर्ध्यावरून यवतमाळ नांदेड लातूर तुळजापूर करत जा नाहीतर समृद्धीने अर्धं कापून मग खाली उतर. मोठी माणसं असली तरी जेवणखाणं धरून सोळा-अठरा तास चालले जातात. दोन वर्षांच्या लेकरासोबत हे एका दमात होत नाही, म्हणजे होते पण त्याला सुट्टी म्हणता येत नाही. आणि तो शक्तिपीठ महामार्ग म्हणत असेल, पवनार ते पत्रादेवी, तर तो अजून झालेला नाही, या दिवाळीत त्याचा काही उपयोग नाही. समृद्धीचं म्हणशील तर रस्ता मस्तच आहे, 701 किलोमीटर, नागपूर ते शिर्डी डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि मुंबईकडचा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये, पण तो इतका सरळ आणि एकसारखा आहे की पहाटे तीनला उठलेल्या माणसाचे डोळे जड होतात, आणि ताशी 120 ची परवानगी असलेल्या रस्त्यावर एक डुलकी पुरते. झोप मोडून रात्री निघू म्हणजे पोट्टे झोपून राहतील हा हिशोब खूप घरी होतो, मला तो अजिबात पटत नाही. पोट्टे झोपतात हे खरं, पण झोपेची खरी गरज ड्रायव्हरला असते.

लहान लेकरं असली की दिवसाला चार-पाच तास गाडीत, दर दीड-दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं खाली उतरून पळापळ, अंधार पडायच्या आत मुक्काम, यापेक्षा जास्त ताणू नये. या हिशोबाने गोव्याला जायलाच तीन-चार दिवस लागतील, यायला तेवढेच, सुट्टी तिथेच संपली. समुद्रच पाहायचा असेल तर रेल्वेने जा, तिकडे टॅक्सी करा, आईंचे पाय पण मोकळे राहतील. आणि गाडीनेच जायचं असेल तर गोवा दोन-चार वर्षांनी, समुद्र कुठे जात नाही.

म्हणून नवऱ्याला "मी येत नाही" असं म्हणू नकोस, त्याने तो दुखावेल आणि विषय गोव्यावरून तुझ्यावर येईल. लेकरं झोपल्यावर, सासूबाई समोर नसताना, मोबाईलवर नकाशा उघडून बस आणि तुझ्या शब्दात म्हण, की मला तुमच्यासोबत फिरायचंच आहे, पण पचमढीला मी मागे काय करत होते ते तुम्हाला दिसलं नाही, तुमचीही चूक नाही, पण यावेळी मला ते एकटीने जमणार नाही. मग पचमढीचं जुनं काही उकरू नकोस, आणि त्याच बैठकीत दुसरा प्लॅन समोर ठेव. पुरुषांना हातातला प्लॅन काढून घेतला की राग येतो, बदल्यात दुसरा दिला तर ते लगेच हॉटेलं शोधायला लागतात, हे मी अनेक घरात पाहिलंय.

दुसरा प्लॅन म्हणून माझं मत चिखलदऱ्याला. अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटर सरळ हायवे, तिथे जेवण, पाय मोकळे, मग परतवाडा आणि शेवटी घाट. सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशेच्या आत. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे, दिवाळीनंतर सकाळ-संध्याकाळ चांगली थंडी पडते म्हणून स्वेटर घे. आईंना भीमकुंड दाखव, भीमाने कीचकाला मारलं ती जागा हीच म्हणतात, कीचकदरा वरूनच चिखलदरा झालं अशी कथा आहे, सासूबाई नातवाला ती रंगवून सांगतील. गाविलगड किल्ला आहे, कॉफीची झाडं आहेत, महाराष्ट्रात कॉफी पिकते हे पोट्ट्यांना काय पण मोठ्यांनाही माहीत नसते. एवढ्या लहान लेकरांना पॉइंट दाखवायची घाई करू नका, दिवसाला एक जागा पुरे, बाकी वेळ त्यांना रिसॉर्टच्या अंगणात माती उकरू द्या.

घाटाचं ऐकून तुला परत पोटात गोळा आला असेल, म्हणून उलटीचं नीट सांगते. आपल्या कानाच्या आतल्या भागाला गाडीची हालचाल कळते, वळण कळते, पण डोळे जर गाडीच्या आतच पाहून राहिले असतील, मोबाईल नाहीतर समोरच्या सीटची पाठ, तर डोळे मेंदूला सांगतात की आपण तर स्थिर आहोत. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळते. दोन वर्षांच्या आत हे सहसा होत नाही, दोन ते बारा या वयात जास्त होते, म्हणजे तुझ्या मुलाचं वय त्यात बरोबर मधात आणि धाकटीचं आता सुरू होईल. पत्रात तू लिहिलंस की तो शांत राहावा म्हणून त्याला मोबाईलवर कार्टून लावून दिलं होतं. घाटात नेमकं तेच टाळायचं. त्याला उंच बसव म्हणजे खिडकीतून लांबचं दिसेल, काच थोडी खाली, परफ्यूमची बाटली गाडीतून काढून टाक, निघायच्या आधी तर्री पोहा नाही की पुरी नाही, साधा भात किंवा दशमी थोडी, उपाशीही नको. परतवाड्याला घाट लागायच्या आधी वीस मिनिटं थांबा. मळमळते म्हणाला की लगेच गाडी बाजूला, तिथे "आलंच, आलंच" चालणार नाही, हे नवऱ्याकडून आधीच कबूल करून घे. गोळी किंवा सिरप लागेल असं वाटलं तर तुमच्या मुलांच्या डॉक्टरला वजन सांगून विचार, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नकोस, दोन वर्षांच्या लेकराला तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट ज्यावर मी ठाम आहे. तू लिहिलंस धाकटी रडली की तिला पुढे मांडीवर घ्यायचो. हे बंद. पन्नासच्या स्पीडने जरी गाडी कशाला धडकली तरी दोन वर्षांचं लेकरू कोणत्याही आईच्या हातात राहत नाही, जीव तोडून धरलं तरी नाही, आणि समोर एअरबॅग उघडली तर तिचाच मार लेकराला लागतो. 2019 पासून कायद्यातही आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड, पण दंडासाठी नको करू, पोरीसाठी कर. चाइल्ड सीट आत्ताच घ्या आणि घरच्या घरी, दुकानात जाताना, शाळेत सोडताना तिला त्यात बसवा, सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्यांदाच थेट लांबच्या प्रवासात बसवली तर ती रडणारच. गोव्याच्या पेट्रोल-टोलमध्ये जे पैसे जाणार होते त्यात ही सीट येऊन जाईल.

आता मुख्य. पाच जणांच्या गाडीत आईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे, नवरा स्टिअरिंगवर, म्हणजे तू मागे, जाताना पण आणि येताना पण. यातून निघायचा एकच मार्ग आहे, तू गाडी चालव. लायसन्स आहे ना तुझ्याकडे? ते काय कपाटात ठेवायला काढलं होतं? लगेच घाट चालव असं म्हणत नाही. दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी सगळे रामटेकला जा, पन्नासेक किलोमीटर आहे, कामठीच्या पुढे गर्दी कमी झाली की तू चालवायला घे आणि नवऱ्याला मागे बसव, दोघांच्या मधात. गडमंदिरावर माकडं प्रसाद हिसकतात, पोट्ट्यांना भारी मजा येते, खिंडसीला बोटिंग करा, दुपारी परत. त्या एका तासात मागे काय चालते ते त्याला कळेल, पाण्याची बाटली कितीदा मागितली जाते, भांडण कशावरून लागते, धाकटीचं सॉक्स कितीदा निघते. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. आणि तुलाही कळेल की गाडी चालवणं म्हणजे आराम नसतो, मान दुखते, डोळे जळतात, ते पण कळू दे.

रामटेकला जमलं तर चिखलदऱ्याला जाताना नागपूर ते अमरावती तू चालव, घाट त्याला दे. येताना उलट. पोचल्यावर पण वाटून घ्या, एकाने लेकरं घेऊन खाली फिरायचं आणि दुसऱ्याने अर्धा तास दार लावून पडायचं, मग पाळी बदलायची. ही अर्ध्या तासाची गोष्ट छोटी वाटते पण पहिल्या संध्याकाळचं भांडण तिथेच टळते, कारण भांडता ते दोघं दमलेले असता म्हणून, प्रेम कमी झालंय म्हणून नाही.

सासूबाईंना तू स्वतः सांग, नवऱ्यामार्फत नको. सोळा तास बसून गुडघ्यांचं काय होईल हे त्यांनाही ठाऊक आहे, मुलाचं मन मोडू नये म्हणून गप्प बसल्या असतील. त्यांना शेगावला महाराजांच्या दर्शनाला जायचं मनात असेल तर तेही विचार, गोव्यापेक्षा त्यांना ते जास्त आवडेल असं मला वाटतं, आणि तसं असेल तर चिखलदऱ्याहून येताना अकोल्याकडून एक मुक्काम वाढव, पण मग चिखलदऱ्याचा एक दिवस कमी कर, दोन्ही पूर्ण करायच्या मागे लागू नका.

दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याला खोल्या मिळायची मारामार असते, एमटीडीसीचं असो की खाजगी हॉटेल, त्यामुळे नवऱ्याशी बोलणं या आठवड्यातच कर, आणि बुकिंग करताना खालच्या मजल्यावरची रूम माग, आईंच्या गुडघ्यांसाठी आणि धाकटी पळते म्हणून.