आयसीयूतून घरी आल्यावर कळणारा आजार

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, डॉक्टर म्हणतात आता काळजी सोडा. पण मॅडम, ह्यांच्या डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना?”

अतिदक्षता विभागातून सुखरूप परत आलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न मला वरचेवर येतो. कधी बायको विचारते, कधी मुलगा, तर कधी रुग्ण स्वतःच विचारतो, सोबत आलेल्यांना बाहेर बसवून. या वेळी विचारणाऱ्या होत्या सुधाताई. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचे यजमान माधवराव पन्नाशीतले, हिशेब तपासण्याच्या कामातले. साधा वाटलेला न्यूमोनिया बळावला, जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि ते व्हेंटिलेटरवर गेले. पुढे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागली. जवळजवळ तीन आठवडे आयसीयूत काढून ते घरी आले, त्यालाही आता तीन महिने होत आले होते. छातीचा फोटो स्वच्छ होता. पण माधवराव दिवा लावूनच झोपत, मध्यरात्री घामाघूम होऊन उठत. फेरतपासणीला जायचा दिवस आला की काहीतरी कारण काढून टाळत. पूर्वी बोटांवर होणारी बेरीज आता कागदावरही चुकत होती. आणि सुधाताईंशी ते जवळपास बोलतच नव्हते. नातेवाईक येऊन सांगत, “देवाच्या दारातून परत आलास, आता आनंदात राहा.” हे ऐकलं की ते उठून आत जात.

माधवराव दुसऱ्या भेटीला स्वतः आले. बराच वेळ प्रकृतीबद्दल, औषधांबद्दल बोलले. मी विचारलं, “तिथे असताना काही दिसायचं का? काही घडल्याचं आठवतं का?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “सांगितलं तर वेड्यात काढाल.”

त्यांना आठवत होतं ते असं. त्यांना एका जहाजाच्या तळात ठेवलं होतं. जमीन हलत होती. पाणी हळूहळू नाकापर्यंत चढायचं आणि मग कोणीतरी घशात नळी खुपसायचं. हात बांधलेले होते. काचेपलीकडे सुधा उभी होती. तिने एका कागदावर सही केली, त्या लोकांना तो कागद दिला, आणि त्यांच्याकडे बघून हसली. “तिने मला त्यांच्या हवाली केलं. मला कळतं, हे खरं नसणार. पण मॅडम, मी ते पाहिलंय.”

तीन महिने हा माणूस रोज त्याच बाईच्या हातून औषध घेत होता.

याला वेड म्हणत नाहीत. गंभीर आजारात मेंदूचं काम तात्पुरतं विस्कळीत होतं, त्याला डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, कमी पडणारा ऑक्सिजन, गुंगीची औषधं, तुटक झोप आणि रात्रंदिवस सारखाच उजेड अशी बरीच कारणं एकत्र येतात. जुन्या लोकांना तापात बरळणारा माणूस माहीत होता. पण आयसीयूतले बरेच रुग्ण बरळत नाहीत, आरडाओरडा करत नाहीत. ते शांत, सुस्त पडून असतात आणि सगळ्यांना वाटतं, झोपलेत. आत मात्र जहाज चालू असतं. हा शांत प्रकार सहज नजरेतून सुटतो. तो झाला होता हे ना डिस्चार्जच्या कागदावर येतं, ना घरच्यांना कोणी सांगतं.

अमेरिकेत झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. श्वसन बंद पडत आलेले किंवा रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेले ८२१ रुग्ण त्यात होते. त्यांतल्या ७४ टक्क्यांना इस्पितळात असताना डिलिरियम झाला. म्हणजे माधवरावांना झालं ते अपवाद नव्हतं. हे आकडे मी त्यांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

इथे घरचे लोक एक गोष्ट हमखास करतात: “अहो, असं काही झालंच नव्हतं, विसरून जा.” हेतू चांगला असतो, पण त्याचा काही उपयोग होत नाही. स्वप्न जागं झाल्यावर विरतं. डिलिरियममधली दृश्यं वर्षानुवर्षं ठसठशीत राहतात, वास आणि आवाजासकट. त्याच काळातल्या खऱ्या घटना मात्र पुसट असतात किंवा मुळीच आठवत नाहीत. आयसीयूतून बाहेर आलेल्यांवर इंग्लंडमध्ये क्रिस्टिना जोन्स आणि सहकाऱ्यांनी काम केलं आहे. २००१ साली त्यांनी मांडलेलं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. खरी आठवण, मग ती वेदनेची का असेना, माणसाला काही प्रमाणात सावरते. नुसत्या भासांच्याच आठवणी उरल्या तर पुढे मानसिक आघाताची लक्षणं जास्त दिसतात. म्हणून माझ्या मते विसरायला लावणं हे उद्दिष्टच चुकीचं आहे. उलट खऱ्या आठवणींची भर घालायला हवी.

मी माधवरावांना म्हटलं, “तुम्ही ते पाहिलंत, त्याबद्दल वाद नाही. त्या वेळी त्या खोलीत काय चाललं होतं, ते आपण शोधू.”

ते म्हणाले, “म्हणजे नोंद आहे, पावती सापडत नाही. पावत्या शोधायच्या.”

पावत्या सापडल्या. डिस्चार्ज कार्ड होतं, केसपेपरच्या प्रती मिळाल्या. सर्वांत उपयोगी पडले ते सुधाताईंनी रोज रात्री नणंदेला पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप निरोप. तारखेवार: आज ताप उतरला, आज डोळे उघडले पण ओळखलं नाही, आज हात बांधलेत म्हणून रडू आलं. श्वासनलिकेत नळी असली की आत साठणारा कफ यंत्राने ओढून काढावा लागतो. दिवसातून अनेकदा. शुद्धीवर असलेल्या माणसालाही त्या क्षणी घुसमटल्यासारखं होतं. नळी झटक्यात उपसली जाऊ नये म्हणून कधीकधी हात मऊ पट्ट्यांनी बांधतात. आणि जमीन का हलत होती? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी दिलेली असते. तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात. हे ऐकून माधवराव चक्क हसले. जहाज सापडलं होतं.

सहीचा कागदही सापडला. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याच्या संमतीपत्रावर सुधाताईंची सही होती. त्या दिवशी त्या एकट्याच होत्या आणि मुलगा प्रवासात होता. सही केल्यावर त्या काचेशी गेल्या. नर्सने सांगितलं होतं, “त्यांना दिसत असेल, रडू नका, हसून बघा.”

हे सुधाताईंनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं. सगळं एका बैठकीत मिटलं असं मात्र नाही. माधवरावांना पटलं, पण पटणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्यानंतरही कित्येक आठवडे सुधाताई खोलीत आल्या की माधवरावांचे खांदे आपोआप ताठ व्हायचे.

पुढे आयसीयूच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही त्यांना तो विभाग दाखवायला नेलं. गादीच्या पंपाचा आवाज ऐकल्यावर त्यांना घाम फुटला. बाहेर येऊन बसले, मग स्वतःहून पुन्हा आत गेले. हे प्रत्येकाला मानवतं असं नाही. काहींना त्या मजल्यावर लिफ्ट थांबलेलीही चालत नाही. घाई करू नये, ढकलू तर मुळीच नये.

दचकणं, टाळाटाळ आणि तीच दृश्यं पुन्हा पुन्हा येणं महिन्यापेक्षा जास्त टिकलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं, आणि मी तेच केलं. आघातावर केंद्रित असलेल्या उपचारपद्धती आहेत, त्या शिकलेल्या व्यक्तीकडूनच घ्याव्यात. झोपेच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. या गटातली काही औषधं डिलिरियम वाढवणारी आहेत.

हिशेबाची गोष्ट वेगळी. माधवरावांना खरी धास्ती तिची होती. “मला विसरभोळेपणाचा आजार लागला का?” वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा ४० टक्के रुग्णांची विचारशक्तीची पातळी डोक्याला मध्यम इजा झालेल्यांइतकी खाली होती, वर्षभरानंतर हा आकडा ३४ टक्के होता. तरुणही त्यात होते. आकडा घाबरवणारा आहे, पण मी तो लपवत नाही. कारण तो माहीत नसला की माणूस स्वतःला आळशी, मूर्ख किंवा संपलेला ठरवतो आणि घरचे त्याला दुजोरा देतात. अनेकांची पातळी हळूहळू सुधारते, काहींची तितकी नाही. माधवरावांची रीतसर चाचणी करून घेतली. लक्ष टिकवणं आणि एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं यात ते कमी पडत होते. समज शाबूत होती. कार्यालयात अर्धा दिवस, एका वेळी एकच फाइल, फोन दुसऱ्याकडे, असं त्यांनी सुरू केलं.

शरीराचंही तेच. घरात “जरा उठून फिरा, पडून राहिल्याने जास्त होतं” असं रोज चालायचं. गंभीर आजारी माणसाच्या मांडीच्या स्नायूचा आकार पहिल्या दहा दिवसांतच सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटल्याचं २०१३ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. कॅनडात मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसं निकामी होऊन वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर मागोवा घेतला. फुप्फुसं बऱ्यापैकी पूर्ववत झाली होती, तरी सहा मिनिटांत चालता येणारं अंतर अपेक्षेच्या ६६ टक्केच होतं आणि कामावर परतलेले जेमतेम निम्मे होते. फिरणं हवंच, पण फिजिओथेरपिस्टने आखून दिलेलं. टोमण्यांनी स्नायू वाढत नाहीत. (दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात, तेही मोठ्या आजारानंतर होतं आणि बहुधा भरून येतं. त्या भीतीने रडलेली माणसं मी पाहिली आहेत.)

शरीर, बुद्धी आणि मन या तिन्हींवरच्या या परिणामांना मिळून एक नाव आहे, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. ते नाव ठरलं २०१० च्या सुमारास. कोपनहेगनला ब्यॉर्न इब्सेन यांनी पोलिओच्या साथीनंतर पहिलं अतिदक्षता केंद्र उभारलं १९५३ साली. मधली पन्नासहून अधिक वर्षं यश मोजलं गेलं ते बहुतेक किती जगले यावर. त्यात गैर काही नव्हतं, आधी माणूस वाचायला हवा. पण वाचलेल्यांचं पुढे काय होतं, हे विचारायची जबाबदारी कोणाकडेच नव्हती आणि अजूनही अनेक ठिकाणी नाही. फुप्फुसांचे डॉक्टर फुप्फुसं बघतात, ती बरी असतात.

सुधाताईंबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. रात्री फोन वाजला की त्यांच्या पोटात गोळा यायचा. इस्पितळातून फोन येईल म्हणून महिनाभर उशाशी ठेवलेला फोन त्या अजून तसाच ठेवत होत्या. नातेवाइकांवरचा हा परिणामही त्याच सिंड्रोममध्ये धरला जातो. अशा घरातल्या सोबत आलेल्या व्यक्तीला मी नेहमी वेगळी वेळ देते. पहिल्यांदा त्या म्हणतात, “मला काय झालंय?” आणि मग अर्धा तास थांबत नाहीत.

ज्यांचं माणूस आत्ता आयसीयूत आहे त्यांनी मला विचारलं तर मी तीन कामं सांगते. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र आत पोचवा, भेटीत दिवस-वेळ-जागा सांगत राहा: आज मंगळवार, सकाळ आहे, तुम्ही इस्पितळात आहात. आणि एक वही ठेवा. रोज चार ओळी, साध्या भाषेत, काय झालं, कोण भेटलं. अशा वह्यांवरचे पुरावे मात्र एकमुखी नाहीत. २०१० साली युरोपातल्या ३५२ रुग्णांत वही मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना आघातोत्तर विकार (पीटीएसडी) झाला. २०१९ च्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत असा ठळक फरक आढळला नाही. तरी मी वही सुचवते. सुधाताईंचे निरोप नसते तर आमच्याकडे पावत्याच नसत्या. मात्र ती रुग्णाच्या हातात त्याने मागितल्यावरच द्यावी. आयसीयूतले फोटो दाखवायचे तर आधी विचारून, कोणीतरी शेजारी बसून.

काही वेळा वाट पाहू नये. घरी आल्यानंतर नव्याने गोंधळ सुरू झाला, ताप आला किंवा धाप लागली तर आधी डॉक्टर गाठा, तो नवा जंतुसंसर्ग असू शकतो. जुन्या आठवणी छळणं वेगळं आणि आजही आवाज ऐकू येणं, आजही कोणी मारायला टपलंय असं वाटणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीसाठी, किंवा जगणं नको असं बोलणं निघालं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

माधवराव आता दिवा बंद करून झोपतात, दार मात्र उघडं लागतं. मोठ्या हिशेबाला अजून दुप्पट वेळ जातो आणि त्याबद्दल ते चिडतात. मध्यंतरी त्यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. आधी एकदा डिलिरियम झालेला असला तर पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून भूलतज्ज्ञांना ते आधीच सांगून ठेवा, असं मी सुचवलं. त्यांनी स्वतः एक कागद लिहून नेला: मागच्या वेळी काय दिसलं, शुद्धीवर येताना चष्मा लगेच हवा, घशात किंवा हाताला काही करण्याआधी सांगून करावं, जागा झालो की पत्नीला आत पाठवावं. भूलतज्ज्ञांनी तो वाचला, दोन प्रश्न विचारले आणि केसपेपरला टाचून घेतला.